नाटक म्हणालात ना, मग आता ऐका

वह्या मिटा. आज धडा नाही. खिडकीबाहेर बघायचं नाही आणि मागच्या बाकांवरच्यांनी मान खाली घालूनही बसायचं नाही. माझ्याकडे बघायचं. सोमवारी सकाळी प्रार्थनेनंतर मैदानावर जे झालं ते मला कळलेलं आहे. कुणी सांगितलं, हे शोधत बसू नका. तुमच्यातल्याच एकीला त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली. तिच्याइतकी लाज बाकीच्यांना वाटली असती, तर हा तास घ्यायची वेळ माझ्यावर आली नसती.

तुमच्या वर्गातली एक मुलगी धावायला उभी राहिली नाही. स्वेटर काढत नव्हती, पाय दुखतोय म्हणत होती. तिला ओळीतून बाहेर काढून मैदानाच्या कडेला उभं केलं गेलं. ज्या मोठ्या माणसाने ते केलं, त्यांच्याशी मी बोलले आहे. ते इथे उगाळणार नाही. पण तुम्ही काय केलंत? "आली नाटक कंपनी" असं एक जण ओरडला. दुसऱ्याने तिच्यासारखं लंगडत चालून दाखवलं. बाकीचे हसले. कुणी एकाने तरी "गप्प बसा रे" म्हटलं का? नाही म्हटलं. त्याच रात्री वसतिगृहातून तिला सरकारी रुग्णालयात न्यावं लागलं. ती अजून तिथेच आहे.

तिचं नाव मी या तासात एकदाही घेणार नाही. तुम्ही ते पुरेसं चघळलेलं आहे. आणि मी जे सांगणार आहे, ते तिला आणि तिच्या आईला विचारून सांगते आहे. आई म्हणाली, "सांगा बाई, सगळ्यांना सांगा, लपवून लपवून पोरगी कंटाळली." मुलीने एकच अट घातली. "मला बिचारी म्हणायचं नाही." ती अट तुम्हा सगळ्यांना लागू आहे. आज सकाळपर्यंत नाटकी म्हणणारी तोंडं उद्यापासून बिचारी म्हणायला लागली, तर मला त्याचाही तितकाच राग येईल.

तिला सिकलसेल आहे.

आता माना वर झाल्या. कारण शब्द ओळखीचा आहे. मागच्या वर्षी नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, आनुवंशिकतेच्या प्रकरणात, दात्रपेशी पांडुरोग म्हणून तुम्ही तो शिकलात. मीच शिकवला. तू, दुसऱ्या बाकावरचा, उभा राहा आणि लक्षणं सांग. हातापायांवर सूज, सांधेदुखी, असह्य वेदना, अंगात बारीक ताप, लवकर थकवा, निस्तेज चेहरा. बरोबर. बस खाली. एकही लक्षण चुकलं नाही तुझं. आणि ही सगळीच्या सगळी यादी जून महिन्यापासून तुझ्यापासून दोन बाकं सोडून बसत होती. तिला तू नाटक म्हणालास. आई-वडील दोघंही वाहक असतील तर मुलांत काय शक्यता, हा तक्ता तुम्ही बहुतेकांनी बिनचूक सोडवला होता. त्याचे गुण मी दिले. ते मिळवून तुम्ही काय शिकलात, हे मला सोमवारी कळलं.

तुमचे पुरावे मला माहीत आहेत. कालपर्यंत बरी होती, आज एकदम कसं दुखायला लागलं? कवायतीच्याच दिवशी कसं दुखतं? परीक्षा आली की हिचं दुखणं कसं येतं? दर तासाला पाणी प्यायला आणि मुतारीत जायला हिला परवानगी कशी लागते? वसतिगृहात मोबाईल बघत हसत होती म्हणे, मग सकाळी पाय कसा धरला? हे सगळं तुम्ही आपसांत बोललात, ग्रुपवर लिहिलंत, त्यावर दात काढणारी चित्रं टाकलीत. आता यातलं एकेक घेऊ, आणि तुमच्याच पुस्तकातल्या विज्ञानाने घेऊ.

हिमोग्लोबीनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे तिला व्हॅलिन आहे. एवढाच फरक. पण ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी ताठरते, विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक केशवाहिन्यांत अडकते. मग पुढच्या हाडाला, स्नायूला, कधी फुप्फुसाला रक्त पोचत नाही. रक्त न पोचलेलं हाड दुखतं, आणि असं दुखतं की मोठी माणसं ओरडतात. हे अडकणं रोज सारखं नसतं. चार आठवडे काही नाही आणि पाचव्या आठवड्यात मध्यरात्री सुरू. म्हणून कालपर्यंत बरी होती आणि आज दुखतंय, यात लबाडी नाही. हा आजार असाच येतो.

तुमची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तिची दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून तिचं हिमोग्लोबीन नेहमी कमी. म्हणून दोन जिने चढून वर्गात आली की ती थोडा वेळ कुणाशी बोलत नाही, आणि तुम्ही तिला घमेंडखोर ठरवता. फुटलेल्या पेशींमुळेच तिच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसते. ती झाक बघून तुमच्यातल्या दोघींनी तिच्या डब्याला हात लावणं सोडलं, कावीळ लागेल म्हणून. सिकलसेल लागत नाही. शेजारी बसून नाही, डब्यातून नाही, ग्लासातून नाही. तो फक्त आई-वडिलांकडून येतो, जन्माच्या आधी. हे वाक्यही तुमच्या उत्तरपत्रिकांत होतं.

पाण्याचं ऐका. या आजारात मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवायची ताकद लहान वयातच कमी होते. पाणी निघून जातं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, पेशी जास्त अडकतात, दुखणं सुरू होतं. म्हणजे तिला सारखं पाणी प्यावं लागतं आणि सारखं बाहेर जावं लागतं, आणि हे दोन्ही ती दुखणं टाळण्यासाठी करते. तिच्या दोन लिटरच्या बाटलीला तुम्ही नाव ठेवलंत. आणि त्या चिडवण्याला कंटाळून गेल्या महिन्यात तिने बाटली आणणं बंद केलं. पुढचं तुम्ही जोडा. जोडता येतं का बघा.

आणि थंडी. निफाडचा पारा किती खाली आला, हे सकाळी पेपरात वाचून तुम्ही एकमेकांना मजेत सांगता. तिकडे द्राक्षं वाचवायला बागांमधून शेकोट्या पेटतात. तेवढी काळजी आपण वेलींची घेतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, आणि तिच्यासाठी आकसलेली रक्तवाहिनी म्हणजे अडकलेली पेशी. ती स्वेटर काढत नव्हती ते गणवेशाचा नियम मोडायला नव्हे. डिसेंबरात नाशिकच्या सकाळी साडेसात वाजता, उपाशीपोटी, पाणी न पिता, स्वेटर काढून धाव, असं तिला सांगणं म्हणजे दुखणं ओढवून घे, असं सांगणं आहे.

परीक्षा आली की दुखणं येतं, हा तुमचा सगळ्यात लाडका पुरावा. अगदी खरं आहे, येतं. पूर्वपरीक्षा जानेवारीत असते, ऐन थंडीत. रात्री जागरण, जेवणाचं भान नाही, पाणी प्यायचं विसरतं, जिवाला घोर. या सगळ्या गोष्टी दुखणं ओढून आणणाऱ्या म्हणून डॉक्टरांना माहीत आहेत. ज्या गोष्टीवरून तिचा आजार ओळखायचा, तिच्यावरूनच तुम्ही तिला खोटी ठरवलंत. इतका उलटा निकाल कुठल्याही पंचायतीत लागला नसेल.

राहिलं हसणं. अहो, दुखणाऱ्या माणसाने चोवीस तास विव्हळत बसायचं, तरच तुम्ही त्याचं दुखणं खरं मानणार का? जन्मापासून ज्याला दुखतं, तो दुखण्यासकट हसायला शिकतो, मोबाईल बघून मन दुसरीकडे न्यायला शिकतो. नाही शिकला तर जगायचा कसा?

हे बघा, हे तिचं विज्ञानाचं जर्नल. तिची परवानगी घेऊनच आणलंय. हे पान जुलैचं. अक्षर बारीक, रेघ सरळ, परीक्षानळीची आकृती एका ओघात काढलेली. आता हे सप्टेंबरातलं पान बघा. अक्षरं दुप्पट मोठी झालीत, उजवीकडे घसरलीत, आकृतीला नावं देताना बाण तीनदा खोडलाय, आणि शेवटच्या दोन ओळी शाईच्या पेनऐवजी पेन्सिलने आहेत. का? कारण पेन दाबून धरवत नव्हतं. त्या आठवड्यात तिची बोटं सुजली होती. पण प्रयोग पूर्ण आहे, निष्कर्ष लिहिलेला आहे, तारीख घातलेली आहे. तुमच्यातल्या धडधाकट हातांची किती जर्नलं अजून माझ्या टेबलावर आलेली नाहीत, ते मी आत्ता वाचून दाखवू? कामचुकार कोण, हे ठरवायचंच असेल तर या दोन पानांवरून ठरवू.

कसं दुखतं, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "बाई, हाडाच्या आत कुणीतरी गिरमिट फिरवतंय असं वाटतं." तिचे वडील सुतारकाम करतात. तिने ते अवजार लाकडात फिरताना पाहिलेलं आहे.

आता तुमच्यातल्या हुशारांचा प्रश्न. तो मला स्टाफरूममध्येही ऐकायला मिळाला, म्हणून इथेच उत्तर देते. "पण बाई, एक्स-रे तर नॉर्मल आला होता ना?" हो, आला होता. हाडाला रक्त कमी पडतं ते सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. आणि दुखणं आत्ता किती आहे, हे दाखवणारी रक्ताची कुठलीही तपासणी नाही. सिकलसेल आहे की नाही, हे तपासणीत कळतं. आज रात्री किती दुखतंय, हे फक्त ज्याचं दुखतं त्यालाच कळतं, आणि ते जाणून घ्यायचा एकच मार्ग आहे: त्याला विचारायचं आणि तो जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. डॉक्टरही तेच करतात. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ जे तपासलं त्यात काही सापडलं नाही. माणसाला काही झालेलं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. हे वाक्य वहीत लिहून घ्यायला सांगत नाही. लिहून घेतलेल्याचं तुम्ही काय करता ते पाहिलं.

1904 साली शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून आलेला एक विद्यार्थी दाखल झाला. दंतवैद्यकी शिकत होता. वॉल्टर क्लेमंट नोएल त्याचं नाव. धाप, खोकला, पायावर जखमा, अशक्तपणा. तिथल्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर लांबुळक्या, विळ्याच्या आकाराच्या पेशी. असं कुणी आधी नोंदवलेलं नव्हतं. त्याचे वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांनी पुढची काही वर्षं त्या मुलाच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं आणि 1910 मध्ये सगळं प्रसिद्ध केलं. हे नेमकं काय आहे, हे हेरिक यांना सांगता आलं नाही. पण कळत नाही म्हणून त्यांनी त्या मुलाला खोटा ठरवलं नाही. जे पाहिलं ते लिहून ठेवलं. हिमोग्लोबीनचा रेणूच वेगळा आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं 1949 मध्ये. नेमक्या सहाव्या जागेवर बदल आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवलं त्यानंतर सात-आठ वर्षांनी. आपल्या देशात निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार नोंदवला गेला 1952 मध्ये.

आता मला सांगा, 1910 ते 1949 या 39 वर्षांत ज्यांना दुखलं, ते सोंग करत होते का? 1952 च्या आधी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर जी पोरं रात्र रात्र रडली, ती नाटकी होती का? विज्ञानाला कारण सापडायच्या आधीही दुखणं होतंच. आणि तुम्हाला तर कारण सापडलेलं होतं. पुस्तकात छापून, आकृतीसकट.

कारण न सापडलेले किंवा उशिरा सापडणारे आजार आजही पुष्कळ आहेत, आणि ते तुमच्या घरांतही आहेत. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या कित्येक बायकांना एमआरआय यायच्या आधी मनाचे खेळ म्हणून घरी पाठवलं जायचं. यंत्र आलं आणि मेंदूतले व्रण फोटोत दिसले. ल्युपसमध्ये आज सांधे, उद्या ताप, परवा तोंडात फोड, आणि दहा रुग्णांत नऊ बायका. एंडोमेट्रिओसिसच्या मुलींना पाळीच्या वेळी काय होतं, ते ओळखायला डॉक्टरांना वर्षानुवर्षं लागतात, कारण घरात पहिलं उत्तर ठरलेलं असतं, की बाईच्या जातीला एवढं दुखायचंच. फायब्रोमायल्जिया रक्तात दिसत नाही. करोना होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने ज्यांचा थकवा जात नाही, अशी माणसं तुमच्या इमारतीत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्या आजाराची व्याख्या केली, तोवर त्यांनाही "सवय लागलीय झोपायची" हेच ऐकावं लागलं. आणि एक आजार असा आहे की त्यात थोडं जास्त श्रम केले तर माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतो. त्या रुग्णांना वर्षानुवर्षं "व्यायाम वाढवा" सांगितलं गेलं. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने 2021 मध्ये तो सल्लाच मागे घेतला, कारण अनेक रुग्ण त्याने बिघडत होते.

घरी जाऊन आज एक काम करायचं. तुमच्या आईला, आजीला, मावशीला कधी "तुझं रोजचंच आहे" म्हणालात का, ते आठवायचं. मला सांगायला येऊ नका. तिला सांगा.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून मला सगळ्यात जास्त संताप आला. "तिच्या घरचे भगताकडे नेतात, अडाणी आहेत" असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं, ते मला माहीत आहे. बाळा, तिचा पाडा पेठच्याही पुढे आहे. पावसाळ्यात तिथून तालुक्याला पोचायला काय लागतं, हे एकदा घाटातून जाऊन बघ. मूल रात्री ओरडायला लागलं, तर जवळ जो असेल त्याच्याकडेच आई धावणार. आणि शहरातले आपण? न सुटणाऱ्या दुखण्यासाठी त्र्यंबकेश्वरला कालसर्पाची शांती, नारायण नागबळी करायला माणसं कुठून कुठून येतात, नाशिककरही जातात. वणीच्या गडावर नवस बोलतात. ज्याची त्याची श्रद्धा, त्यात मी पडणार नाही. पण एकाच्या श्रद्धेला अडाणीपणा म्हणायचं आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला धर्म, हे माझ्या वर्गात चालणार नाही. तिच्या आईने भगताकडे नेलं, आणि तीच आई दर महिन्याला मुलीच्या गोळ्या घ्यायला एसटीने नाशिकला येते. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक ॲसिड. एकही महिना चुकलेली नाही.

आणि हा "त्यांचा" आजार नाही. सिकलसेलचा जनुक आदिवासींमध्ये जास्त आढळतो, त्याला कारण आहे. एक जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं; अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिलं. ज्या जंगलपट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसं मेली, तिथे हा जनुक टिकून राहिला, कारण त्याने माणसं वाचवली. आफ्रिकेत तेच, अरबस्तानात तेच, आपल्या सातपुड्यात आणि सह्याद्रीत तेच. विदर्भात तो आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही आहे. तुमच्यात कुणी वाहक असेल, तर त्याला कळणारसुद्धा नाही. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. त्रास कळतो तो पुढे, दोन वाहकांचं लग्न झाल्यावर, पाळण्यातल्या बाळाचे हातपाय सुजतात तेव्हा. प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. म्हणून साधी रक्ततपासणी लग्नाच्या आधी करायची. सोयरीक मोडेल म्हणून लपवणारे आई-बाप मला माहीत आहेत. त्यांनाही मी हेच ऐकवते, याच आवाजात.

आपण कुठे राहतो, याचा तरी विचार करा. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्या नाशिकला आहे, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या शहरात आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक, इगतपुरी हे आपल्याच जिल्ह्याचे तालुके. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत हा आजार हटवायचा म्हणून. सरकारने कितीही तपासण्या केल्या, तरी तपासणीत जिचा आजार सापडला तिला वर्गात नाटकी म्हणणार असाल, तर पुढची मुलगी तपासायला हात पुढे करील का? ही मुलगी सहा महिने गप्प का बसली, माहीत आहे? खोलीत कुणी घेणार नाही, म्हणून. तिने तुम्हाला ओळखलं होतं.

जादा वेळेवरूनही कुजबुज आहे. बोर्डाच्या परीक्षेत तिला तासाला वीस मिनिटं जास्त मिळणार, मग आम्हाला का नाही? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात सिकलसेल नाव घेऊन लिहिलेला आहे. वेळ तिला कुणी दयेने देत नाही. कायद्याने देतात. आणि ज्याला तो वेळ हवा असेल, त्याने सप्टेंबरातलं ते पान पुन्हा बघावं.

आता पुढचं. हे सांगून होईपर्यंत कुणी हलायचं नाही.

ती परवा वर्गात येईल. आली की तिच्याभोवती गोळा व्हायचं नाही. "आता कसं वाटतंय, आता कसं वाटतंय" असं पन्नास तोंडांनी विचारायचं नाही. हळदीचं दूध घे, सूर्यनमस्कार घाल, आमच्या गावाकडे एक वैद्य आहे, हे सल्ले तर अजिबात नकोत. तिला डॉक्टर आहेत. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर तुमचा अभ्यास करा. बाटली बाकावर राहील, कोणत्याही विषयाच्या तासाला. सगळ्या शिक्षकांशी माझं बोलणं झालंय. बाहेर जायला ती परवानगी मागणार नाही, फक्त उठून जाईल. कुणी हूं की चूं करायचं नाही. तिचा बाक खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीकडे घेतलाय, तिथे वारं लागत नाही. स्वेटर मार्चपर्यंत अंगावर राहील.

काही खुणा मात्र तुम्ही प्रत्येकाने ध्यानात ठेवायच्या, कारण मी प्रत्येक तासाला वर्गात नसते. तिला ताप आहे असं वाटलं, छातीत दुखतंय म्हणाली, श्वास लागला, डोकं भयंकर दुखायला लागलं, एका बाजूचा हात किंवा पाय एकदम लुळा पडला, बोलताना शब्द अडखळायला लागले, तर वाट बघायची नाही. एकाने तिच्याजवळ थांबायचं, एकाने ऑफिसात पळत जायचं. त्यातलं काही वेळाने ठीक झालं तरी सांगायचंच. नाटक असेल, असा विचार ज्याच्या मनात त्या वेळी येईल, त्याने तो मनातच ठेवून पळायचं.

बुडालेल्या दिवसांचं टिपण रोज एक जण काढेल. पटाच्या क्रमाने, आजपासून. अक्षर नीट पाहिजे. झेरॉक्सचे पैसे तिच्याकडून कुणी घेणार नाही आणि ते सांगतही फिरणार नाही.

पुढच्या शनिवारची पांडवलेणीची सहल ठरल्याप्रमाणे जाईल. तिचे पैसे परत करायला मॉनिटर निघाला होता, ती येणारच नाही असं गृहीत धरून. पैसे परत करायचे नाहीत. ती येणार आहे. पायऱ्या चढायच्या की नाहीत, किती चढायच्या, ते ती त्या दिवशी ठरवील. नाही चढली, तर खाली फाळके स्मारकात बसेल, आणि तुमच्यातल्या दोघी-तिघी तिच्यासोबत थांबतील. कोण थांबणार, हे मी ठरवणार नाही. तिला विचारा, तिला कोण चालेल ते. ज्यांना ती नको म्हणेल, त्यांनी निमूटपणे वर चढायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही.

चालून दाखवणारे आणि ओरडणारे मधल्या सुट्टीत माझ्याकडे येतील. पालकांना घेऊन नको, एकेकटे. काय बोलायचं ते मित्राकडून पाठ करून यायचं नाही.